अजून लहान कर

आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर दिवसातून एकदा तरी कुणीतरी वैतागून म्हणतंच, "ताई, फाईल चढून नाही राहिली." साइट सांगते फाईल मोठी आहे, माणूस सांगतो कागद तर एवढासाच आहे. मग तो साइटला शिव्या देतो, सरकारला देतो, आणि दोघंही हाताशी नसल्यामुळे शेवटी माझ्याकडे रागाने बघतो. मी वाद घालत नाही. त्याचे सगळे कागद एका फोल्डरात टाकते, काळी खिडकी उघडते, एक ओळ लिहिते आणि एंटर दाबते. पांढरी अक्षरं खालून वर पळायला लागतात, एकेक फाईल बारीक होऊन शेजारच्या फोल्डरात जाऊन बसते. आणि मी हटकून उजवीकडच्या स्टुलाकडे बघते. तिथे आता गिऱ्हाइकाची पिशवी असते नाहीतर हेल्मेट. पण ते स्टूल माझ्या मनात अजून रामटेके गुरुजींचंच आहे.

सानगडीच्या शाळेत त्यांनी मला चौथीत शिकवलं. तरी गावाला ते मास्तर म्हणून जितके ठाऊक होते, त्याहून जास्त 'पुस्तक धरणारे' म्हणून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट सगळे घरचे. कुणाचं धान कापायचं राहिलेलं असतं, कुणाचं दुकान असतं, पाठांतराला सवड कुणाला? म्हणून विंगेत एक जण पुस्तक धरून बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी, फक्त नटालाच ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. नट ते उचलतो आणि आपलं करून टाकतो. बाहेरगावचे पाहुणे याला हसतात. हसोत बापडे. आमच्या मंडळाचं नाटक ठरवायला येणारा माणूस नायिका कोण हे नंतर विचारायचा, आधी विचारायचा, "पुस्तकावर रामटेके गुरुजीच आहेत ना?"

गुरुजींचं बोलणं कुजबुजीच्या वर कधी गेलंच नाही. वर्गात ते इतके हळू शिकवायचे की ऐकू यावं म्हणून आम्ही पोरं आपणहून गप्प बसायचो. बाजारात वांग्यांचा भाव ते अशा आवाजात विचारत की भाजीवालीही पुढे वाकून, इकडेतिकडे बघत हळूच भाव सांगायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघांचं काहीतरी चोरीचं चाललंय. पण ती कुजबुज ज्याच्यासाठी असेल त्याला शब्दन्‌शब्द पोचायची.

आणि ही सवय विंगेपुरती राहिली नव्हती. कुणी कुठेही बोलताना अडलं की गुरुजींचे ओठ हलायला लागायचे. बँकेत एखादा म्हातारा "मले ते पायजे... ते..." करत खोळंबला, की रांगेतून बारीक आवाज यायचा, "पासबुक". लग्नात नवरदेव नाव घेताना ततपप करायला लागला की त्याच्या पाठीमागून अख्खा उखाणा यायचा. गावातल्या निम्म्या नवऱ्यांनी बायकोचं नाव पहिल्यांदा गुरुजींच्या शब्दांत घेतलंय, असं आमच्याकडे म्हणतात. बायकांना ते ठाऊक आहे. त्या बोलत नाहीत, एवढंच.

एका सव्वीस जानेवारीला तर कहर झाला. तेव्हाचे सरपंच गुरुजींचेच विद्यार्थी. भाषणाला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुजी झेंड्याच्या खांबाजवळ, त्यांच्या पाठीमागेच उभे होते. त्यांनी सवयीने सुरुवात केली. गुरुजी एक वाक्य सांगत, सरपंच ते दणक्यात म्हणत. भाषण असं रंगलं की शाळेतली पोरंसुद्धा चुळबुळ करायची थांबली. मध्येच सरपंचांच्या मानेवरून घामाच्या धारा वाहताना बघून गुरुजी काळजीने म्हणाले, "सरपंच, पयले पाणी पी." सरपंचांनी मूठ वर केली आणि माइकमधून अख्ख्या गावाला ठणकावून सांगितलं, "सरपंच, पयले पाणी पी!" गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, हे तुह्यासाठी होतं गा." तेही लगेच माइकमधून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सरपंच खाली बसून खरंच तांब्याभर पाणी प्याले.

मात्र या माणसाला स्वतः दिसायचं अजिबात नसे. "पुस्तक धरणारा दिसला का नाटक बिघडलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाटकाच्या शेवटी सत्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं जायचं आणि ते विंगेतून गडप व्हायचे. शाल नि नारळ मग पडद्याच्या दोरीला लटकवून ठेवायची रीतच पडली. मंडळाचा एक जुना फोटो समाजमंदिरात लावलेला आहे. सगळे नट रंग लावून, छात्या काढून उभे, आणि कडेला पडद्याच्या फटीतून वही धरलेला एक हात तेवढा आलेला. तो गुरुजींचा. फोटोग्राफरने केवढी विनवणी केली होती म्हणे, पण हाताच्या पुढे ते काही आले नाहीत.

काही वर्षांपूर्वी, पोळा नुकताच झाला होता आणि बाजारात नवे शिंगाडे यायला लागले होते, तेव्हा गुरुजी सायकलच्या कॅरियरला धोतरात बांधलेलं एक गाठोडं लावून सेंटरवर आले. गाठोड्यात मंडळाच्या सगळ्या नाटकांच्या लांब वह्या होत्या. पानं पिवळी पडलेली, कडा उंदरांनी चाखून बघितलेल्या. सोबत उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी. ती त्यांनी माझ्या कीबोर्डाशेजारी सोडली आणि मी कपाळाला आठ्या घातल्या, कारण त्या काळ्या सालांचा डाग निघता निघत नाही.

"सरिता, हे सारे नाटकं फोटो काढून एकेकाच्या फोनात टाकून दे बरं."

"एवढी घाई कायची गुरुजी? मंडईले टाइम आहे अजून."

त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. "नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, गाठ खराब हाये. आवाजाची पेटी काढा लागते. दिवाळीच्या आंधीच."

घरातला बल्ब गेला हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

"मंग बोलान कसे गुरुजी?"

"बोलाचं काय, घरी तुही काकू बोलतेच. दिघोरीच्या मंडईत पुस्तक कोण धरन, ते सांग."

दिघोरीच्या मंडईत दर वर्षी आमच्या मंडळाचं 'बांधावरची भाऊबीज' असायचं. भावाबहिणीचं शेताच्या बांधावरून फाटतं आणि शेवटी त्याच बांधावर ते भेटतात, असं रडवणारं नाटक. गुरुजींचा आवाज गेला तर ते नाटक जाणार, आणि ते गेलं की मंडळही मोडणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाहेरून पैसे देऊन प्रॉम्प्टर आणावा तर मंडळाची तेवढी ऐपत नाही. म्हणून गुरुजींनी ठरवलं होतं, प्रत्येकाच्या फोनात नाटक टाकायचं, ज्याने त्याने आपलं पाठ करायचं. मग पुस्तक धरणारा लागतच नाही. स्वतःशिवाय सगळं चालावं याची तजवीज करायला ते आले होते आणि वर मला शिंगाडे खा म्हणत होते.

मी स्कॅन करायला घेतलं. संवाद निळ्या शाईत होते, पण त्यांच्यावर, मध्ये, समासात लाल पेन्सिलीने काहीबाही खुणा केलेल्या होत्या. उभ्या काड्या, टिंबं, बारीक अक्षरांतल्या नोंदी.

"हे काय होय गुरुजी?"

"ते माहे किडेमकोडे. तिकडं नोको पाहू."

सगळ्या वह्या संगणकात गेल्या, पण फायली अशा अवजड झाल्या की कुणाच्या फोनात शिरेनात. मंडळात भावाचं काम करणारा सुधाकर, त्याचं टायर पंक्चरचं दुकान, तो आला आणि म्हणाला, "गुरुजी, फोन म्हणते जागा नाही." बहिणीचं काम करणारी कुंदा गावात आशाताईचं, आरोग्याचं काम करते. तिचा फोन दवाखान्याच्या फोटोंनी आणि सकाळच्या शुभेच्छांनी गच्च भरलेला. मी म्हटलं, थांबा, एका साइटवर टाकून फाईल लहान करून आणते. गुरुजींनी माझा हात धरला.

"हे कोणाच्या घरी चाललं?"

"बाहेरच्या साइटवर जाते, लहान होऊन वापस येते."

"परक्याच्या घरी आपलं नाटक कायले धाडतं वो? इथंच काय ते कर."

झालं. आता आली का पंचाईत! गुरुजींपुढे मी चौथीतलीच राहिले होते, नाही म्हणता येईना. इंटरनेटवर शोधत बसले. आपल्याच संगणकावर हे काम करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला. तो काळ्या खिडकीत लिहूनच चालवावा लागायचा, आणि एकेका फाईलसाठी भलीमोठी ओळ लिहायची म्हणजे माझा जीवच गेला असता. म्हणून धडपडत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात विशेष काही नव्हतं. 'मोठी' नावाच्या फोल्डरात जेवढ्या फायली आहेत तेवढ्या एकामागून एक घे, प्रत्येक दाबून लहान कर, 'लहान' नावाच्या फोल्डरात ठेव आणि मूळ फाईलला हात लावू नको. फोल्डरांची नावं गुरुजींनीच सुचवली.

पहिल्यांदा ती चालली तेव्हा गुरुजी स्टूल पुढे ओढून बसले. एकेका नाटकाचं नाव पडद्यावर उमटत होतं आणि वर सरकत होतं.

"याले एकडाव सांगतलं का सारं करते?"

"हव."

"मधात चहा मागत नाही?"

"नाही गुरुजी."

"मंग आपल्या सुधाकरपरीस बरा हाये."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ते कुजबुजतायत. पुढच्या नाटकाचं नाव पडद्यावर यायच्या आधी ते हळूच सांगत होते. एका जाड फाईलवर खिडकी बराच वेळ थबकली, तर ते पडद्याजवळ वाकले आणि तिला समजावल्यासारखं त्यांनी पुढचं नाव सांगितलं. नाव उमटलं. गुरुजी समाधानाने मागे टेकले. मी हसू दाबलं. पण खरं सांगते, पुढल्या वेळी खिडकी थबकली तेव्हा मीही त्यांच्याच तोंडाकडे बघितलं.

त्यानंतर त्यांचा रोजचा मुक्काम माझ्याकडे. फाईल लहान झाली की ते आधी सुधाकरच्या फोनात घालून बघायचे. नाही शिरली की परत. अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणायचे आणि म्हणायचे, "अजून लहान कर." मी आकडे बदलायचे, पुन्हा एंटर. "अजून." अक्षरं फाटायला लागली, काने-मात्रे उडायला लागले, तरी बोट आणि अंगठ्यातली फट कमीच होत चाललेली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "गुरुजी, एकच उपाय राहिला आता. रंग काढून टाकला तर फाईल एकदम बारीक होते, अक्षर पण साफ राहते. पण तुमच्या लाल खुणा जातीन."

"जाऊ दे."

"सगळ्या जातीन गुरुजी. फिकट पेन्सिल आहे, एक नाही दिसणार."

"अवो, ते का नाटक होय? ते माह्या कामाचं होतं. मीच नाही तं ते कायले पायजे? मार एंटर."

मला ते आवडलं नाही. माणसाने स्वतःला असं चिंधीसारखं बाजूला टाकू नये, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मंडळ त्यांचं, वह्या त्यांच्या. मी एंटर मारला. इवल्याशा फायली तयार झाल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनात जाऊन पडल्या. गुरुजी खूश झाले.

रविवारी दुपारी समाजमंदिरात तालीम ठेवली होती. गुरुजी मुद्दाम मागे, उंबरठ्याशी बसले आणि तोंडावर रुमाल धरला, चुकून शब्द निघू नये म्हणून. सुधाकर आणि कुंदाने खरंच पाठ केलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. पण नाटक सुटलं ते सुसाट सुटलं. बाहेर चहा उकळायच्या आत पहिला अंक आटोपला. शेवटच्या प्रवेशात बहीण बांधावर उभी राहून म्हणते, "दादा, ताट वाढलंय." किती वर्षांनी बोलत असते ती. त्यावर भाऊ म्हणतो, "मी जेवून आलो." या जागी आमच्या बाया दर वर्षी पदर डोळ्यांना लावतात. तर कुंदाचं वाक्य संपतंय न संपतंय तोच सुधाकरने "मी जेवून आलो" असं काही फेकलं की बसमधला कंडक्टरच बोलला. तालीम बघायला आलेल्या बाया फिदीफिदी हसल्या.

गुरुजींनी रुमाल काढला. "हे नाटक नव्हे वो," ते म्हणाले, "ह्या तं बातम्या होत." आणि ते उठून घरी गेले. पाठीमागून बघताना ते मला पहिल्यांदा म्हातारे दिसले.

दुसऱ्या दिवशी कुंदा आणि सुधाकर सेंटरवर हजर.

"सरिताताई, आमच्या फाइलीत काहीतरी नाही," कुंदा म्हणाली. "शब्द सारे हायेत, पण पकडाले काही भेटून नाही राहिलं."

मी 'मोठी' फोल्डर उघडला आणि तेच पान मूळ रंगात समोर ठेवलं. 'दादा, ताट वाढलंय' या ओळीनंतर लाल पेन्सिलीच्या तीन उभ्या काड्या होत्या, एकीशेजारी एक. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सुधाकर घाई करते. त्याले कुंदाकडं पाहू दे.' मी पानं सरकवत गेले. 'इथं कुंदाचा दम संपते, वाक्य तोडून सांग.' 'इथं बाया रडतात, थांब.' 'सुधाकरले हे वाक्य आवडत नाही, गोड करून सांग.' पानोपानी असंच. या दोघांचा सगळा स्वभाव गुरुजींनी समासात लिहून ठेवला होता.

सुधाकरने पडद्यावरच्या काड्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"मी समजत होतो का मलेच थांबता येते," तो म्हणाला. "मी थांबतच नव्हतो लेक. गुरुजीच थांबवून धरत होते." मग म्हणाला, "ताई, लालासकट फाईल दे."

"मोठी होते. तुह्या फोनात मावत नाही, आधीच पाहून झालं."

"मावन कशी नाही!" त्याने उभ्या उभ्या फोन काढला आणि पुसायला सुरुवात केली. ट्रॅक्टरचे व्हिडिओ गेले, लग्नाच्या वराती गेल्या, भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ आला तिथे बोट अडलं. कुंदाच्या फोनात तिच्या पोरीचा गॅदरिंगमधला नाच होता. तिने तो एकदा पूर्ण बघितला आणि पुसायला निघाली. मी दोघांवर खेकसले, "अरे, माझ्या कॉम्प्युटरात ठेवते ना, पळून का चालला तो नाच!" मग मंडळातले बाकीचेही आले. फायली लहान करता करता आमची दमछाक झाली होती, आणि इथे लोक त्यांना जागा करून द्यायला आपली बारशी नि वराती उचलून माझ्याकडे आणत होते. माझ्या संगणकात 'बारसे' नावाचा फोल्डर अजून आहे. कुणी परत मागितला नाही.

मी स्क्रिप्टमधली रंग काढणारी ओळ काढून टाकली आणि पुन्हा चालवली. नेमके तेवढ्यात गुरुजी दारात. पडद्यावर लाल काड्या दिसताच त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय करून राहिली? मले विचारलं?"

"नाही विचारलं," मी म्हटलं. माझी जीभ अशी वेळ बघत नाही. "आवाज तं जाऊनच राहिला तुमचा. खुणा पण पुसून टाकता? आम्हाले काय ठेवता मंग?"

गुरुजी स्टुलावर बसले. पुडीतला एक शिंगाडा घेऊन सोलायला लागले, पण सोलून झाल्यावरही तो त्यांनी तोंडात टाकला नाही. सुधाकर त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि पडद्याकडे बोट करून म्हणाला, "गुरुजी, ह्या काड्या म्हणजे काय, तेवढं सांगा."

गुरुजींचा आवाज तेव्हा फारच बसला होता. "एक काडी म्हणजे एक श्वास," ते म्हणाले.

"माहा?"

"माहा. मी श्वास घेतला का मंग तुले वाक्य भेटे."

त्या दिवसापासून नागपूरला जाईपर्यंत रोज दुपारी शाळेच्या व्हरांड्यात मंडळी जमायची. गुरुजी एकेक खूण समजावून सांगायचे. आवाज रोज थोडा कमी व्हायचा आणि पोरं रोज थोडी जवळ सरकायची. ठरलं असं की ज्याचा प्रवेश नसेल त्याने विंगेत फोन धरून बसायचं, आणि काडी दिसली की शब्द न देता श्वास घ्यायचा. कुंदाला ते सगळ्यांत आधी जमलं. सुधाकरला सगळ्यांत उशिरा. गुरुजी त्याला काही रागावले नाहीत. फक्त त्याच्या छातीवर हात ठेवून बसायचे, आत्ता घे, आत्ता सोड, असं.

नागपूरला जायच्या सकाळी ते सेंटरवर आले होते. मला वाटलं, काहीतरी मनातलं सांगतील. मी तर आदल्या रात्रीपासून रडायच्या तयारीत. त्यांनी नेहमीची पुडी ठेवली, खिडकीत चालू असलेल्या कुणाच्यातरी सातबाराच्या फायली कौतुकाने बघितल्या आणि जाताना दारातून वळून म्हणाले, "टरफलं टाकून देजो वो. नाही तं मुंग्या लागतीन." त्यांचा आवाज मी ऐकला तो हाच शेवटचा.

उन्हाळ्यात त्यांच्या लेकीकडून, नागपूरहून, ते गेल्याचा निरोप आला. पण त्याआधी दिघोरीची मंडई झाली होती, आणि मला गुरुजी आठवतात ते तिथले.

डॉक्टर, काकू, लेक, सगळ्यांचं न ऐकता ते आले होते. गळ्याशी, श्वासासाठी केलेल्या छिद्रावर, पांढरं मऊ फडकं बांधलेलं. धानाच्या तणसावर पोत्यांचे बोरे अंथरून माणसं बसली होती, त्यांच्यात ते माझ्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते नाटक समोरून बघत होते. पडदा सोडला तेव्हा त्यावर रंगवलेल्या मोराकडे ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी त्या पडद्याची फक्त पाठ बघितली होती. नाटक सुरू झालं तसे त्यांचे ओठ हलायला लागले, प्रत्येक वाक्याच्या एक पाऊल पुढे. आवाज नव्हता. शेजारच्या बाईने त्यांच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि आपल्या पोराला दटावून गप्प केलं.

रात्रभर चाललेल्या नाटकाचा शेवटचा प्रवेश आला तेव्हा पूर्वेला उजाडत होतं. कुंदा बांधावर उभी राहिली. "दादा, ताट वाढलंय."

सुधाकरने तिच्याकडे बघितलं. विंगेतून शब्द आला नाही. मी गुरुजींकडे वळले तर त्यांचे ओठ मिटलेले होते. गळ्यावरचं फडकं हळूच आत गेलं आणि बाहेर आलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पुन्हा एकदा. आणि ते बाहेर येताक्षणी सुधाकर म्हणाला, "मी जेवून आलो."

आमच्या पुढच्या बाईने पदर डोळ्यांना लावला. मग तिच्या पुढचीने. मलाही धड दिसेनासं झालं.

गुरुजींनी माझ्या दंडाला हात लावला. डोळे वाहत होते त्यांचे. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणून मला दाखवलं, रोज सेंटरवर दाखवायचे तसं. आणि मग ती दोन बोटं हळूहळू लांब नेली, जितकी ताणतील तितकी.